मायक्रोवेव्हमधल्या वासाचा प्रश्न

आमच्या ऑफिसात मायक्रोवेव्ह आला तो गुढीपाडव्याला. त्याच्या महिनाभर आधी आम्ही अकरा जणांनी मिळून मालकांना एक अर्ज दिला होता. अर्ज मीच लिहिला होता, त्यामुळे त्यातल्या मागण्या मला अजून पाठ आहेत: बायकांच्या बाथरूमच्या दाराला आतून कडी बसवावी, मागच्या खोलीतला बंद पंखा दुरुस्त करावा आणि महिन्यातून दोन शनिवार सुट्टी द्यावी. मालकांनी अर्ज वाचला, आपल्या माणसांना काहीतरी हवं आहे एवढाच आशय त्यातून घेतला आणि मायक्रोवेव्ह आणला.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. आमचं ऑफिस पनवेलला हायवेच्या बाजूच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं तयार करायचं काम. माझी पहिलीच नोकरी. मायक्रोवेव्हची रीतसर पूजा झाली. आमच्या हेडक्लार्कांनी नारळ फोडला, त्याचं पाणी यंत्रावर शिंपडलं आणि काचेच्या दारावर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं. म्हणजे त्या यंत्राला लागलेला पहिला डाग कुंकवाचा होता. तो शेवटपर्यंत कुणी पुसला नाही, कारण त्याला डाग म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. बाथरूमला कडी नव्हतीच. आत गेलं की एका हाताने दार धरून ठेवायचं आणि मनात विचार करायचा की बाहेर निदान जेवण गरम होतंय.

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील दिवसा तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात कामाला आणि संध्याकाळी युनियनच्या कामाला. पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. ‘आई’ हा शब्द वाचता आला त्याच आठवड्यात मला ‘जाहीर निषेध’ वाचता आलं असावं. उरलेल्या पत्रकांनी आई खिडक्यांच्या काचा पुसायची, आणि मी बाजूला उभी राहून त्यांच्यावरची वाक्यं मोठ्याने म्हणायची. त्यामुळे अन्याय दिसला की त्यावर कागद छापायचा, ही माझ्या हाताची सवय होती. ती सवय नडू शकते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मायक्रोवेव्हने सांगितलं.

यंत्र येण्याआधी आम्ही सगळे मागच्या खोलीत एका लांब टेबलाभोवती बसून थंड जेवायचो. अर्धा तास सुट्टी. सगळ्यांचे डबे सकाळी सात-आठला भरलेले, त्यामुळे दीड वाजता सगळ्यांचं जेवण सारखंच गार. समानतेचं इतकं चांगलं उदाहरण मी नंतर पाहिलेलं नाही.

ऑफिसात बायका दोनच. एक मी, दुसरी ताई. ताई कोन गावाच्या पुढच्या एका खेड्यातून यायची, आगरी, चाळिशीची, आणि टायपिंगमध्ये तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. नऊ वर्षं ती त्या टेबलावर खिडकीकडच्या एकाच खुर्चीत बसून जेवत होती. डब्यात वरच्या कप्प्यात तांदळाची भाकरी, खालच्या कप्प्यात कधी जवळा, कधी बोंबलाचं सुकं, कधी कोलंबी. थंड जवळा फारसा बोलत नाही. तो आपल्या डब्यापुरता असतो. शेजारच्याला कळतं, समोरच्याला कळत नाही, आणि ज्याला कळूनही चालवून घ्यायचं असतं त्याला तर अजिबात कळत नाही. हेडक्लार्क तिच्या भाकरीवर खूष होते. आठवड्यातून दोनदा तरी ते हात पुढे करायचे आणि अर्धी भाकरी मागून घ्यायचे. अशी पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली भाकरी आमच्या घरी कुणाला जमत नाही, म्हणायचे. ती भाकरी पाच तास जवळ्याच्या डोक्यावर बसून आलेली असायची.

ताईच्या घरात नऊ माणसं. पहाटे उठून सगळ्यांचं करायचं, संध्याकाळी घरी पोचून पुन्हा सगळ्यांचं, सगळ्यांना वाढून झालं की ओट्याशी उभं राहून उरलेलं खायचं. एकदा मी तिला म्हटलं, सुट्टी घेत जा ना कधीतरी. ती म्हणाली, “सुट्टी घेतली तर जेवू कुठं? बसून खाते ती मी हितंच.” तिला त्यात काही मोठं बोलून गेल्यासारखं वाटलं नाही. भाकरी मोडत ती पुढे कुठल्याशा मालिकेतल्या सासूविषयी सांगायला लागली.

यंत्र आलं त्या आठवड्यात सगळे लहान मुलांसारखे वागले. लोक पाणी गरम करून पाहत होते, बिस्किटं गरम करून पाहत होते. हेडक्लार्कांनी वरण-भात गरम केला आणि त्यावर घरून डबीत आणलेलं तूप आधीच घातलं, म्हणजे ते सगळीकडे मुरेल. झाकण ठेवलं नाही. झाकण ठेवलं की वाफ कोंडते असं त्यांचं म्हणणं. आतमध्ये वरण फुटणाऱ्या फटाक्यांसारखं उडत होतं आणि ते काचेतून कौतुकाने बघत होते. शुक्रवारी ताईने तिच्या डब्याचा खालचा कप्पा काचेच्या वाडग्यात रिकामा करून आत ठेवला. एक मिनिट. दार उघडलं आणि नऊ वर्षं गप्प बसलेला जवळा पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. तो मागच्या खोलीतून निघून टायपिंगच्या टेबलांवरून मालकांच्या एसी केबिनपर्यंत जाऊन आला.

हेडक्लार्कांनी रुमाल काढून सर्दी झाल्यासारखं नाक पुसलं. सोमवारी मायक्रोवेव्हच्या दारावर, स्वस्तिकाच्या बरोबर खाली, एक कागद चिकटवलेला होता. ‘सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, सदर मायक्रोवेव्हमध्ये मांसाहारी पदार्थ गरम करण्यात येऊ नयेत. सहकार्य अपेक्षित.’ खाली सही नव्हती. कळविण्यात येते, करण्यात येऊ नयेत. कळवणारा कुठेच नाही. पण टाइप करताना दोन शब्दांत दोनदा जागा सोडायची सवय ऑफिसात एकाच माणसाला होती, आणि तो माणूस गेली नऊ वर्षं तिची भाकरी खात होता.

ताईने कागद वाचला. यंत्र आहे त्याचं, त्याला वाटेल ते खाईल, असं काहीतरी पुटपुटली आणि डबा घेऊन तिच्या कॉम्प्युटरपाशी गेली. कीबोर्ड सरकवला, रुमाल पसरला आणि तिथेच, भिंतीकडे तोंड करून, थंड जेवली. मला वाटलं एका दिवसाचा राग आहे. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच बसली. तिसऱ्या दिवशी तिच्या खिडकीकडच्या खुर्चीवर कुणीतरी फायली ठेवल्या. खुर्ची रिकामी आहे तर वापरूया, इतकं साधं. तिला परत बोलवायला कुणी उठलं नाही. मीसुद्धा नाही. मी पत्रक लिहायला बसले होते.

पत्रकाचं नाव होतं ‘टेबल कोणाचे?’. शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर मी ते ऑफिसच्याच प्रिंटरवर, रद्द झालेल्या शिपिंग बिलांच्या पाठकोऱ्या बाजूला छापलं. त्यात मी जातीची उतरंड, स्वयंपाकघरातलं सोवळं आणि सूक्ष्मलहरींचं भांडवली स्वरूप या तिन्हींचा समाचार घेतला होता. ‘आपल्या एका भगिनीला भिंतीकडे तोंड करून जेवावे लागते’ असं एक वाक्य होतं. नाव न घ्यायची खबरदारी मी घेतली होती. ऑफिसात दोनच बायका आहेत आणि त्यातली एक पत्रक वाटत फिरते आहे, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. सोमवारी सकाळी अकरा टेबलांवर अकरा प्रती होत्या. अकरावी ताईच्या टेबलावर.

तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी कौतुकाची वाट पाहत होते. मालकांनी मला आत बोलावलं आणि अतिशय प्रेमाने सांगितलं की आपल्या ऑफिसात जातपात कुणी मानत नाही, कधी मानलेली नाही, पुढेही मानणार नाही. “प्रश्न वासाचा आहे,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. हेडक्लार्क दिवसभर दुखावलेल्या चेहऱ्याने फिरत होते. मी त्यांच्या मुलीसारखी, आणि मुलीसारख्या मुलीने असं लिहावं. दोघा-तिघांनी दुपारी ताईच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं की आम्हाला तर काहीच प्रॉब्लेम नाही हो, तुम्ही काहीही खा. ते सांगताना एकाची नजर तिच्या डब्यात होती. आत काय आहे ते बघायला.

संध्याकाळी आमच्या ऑफिसातल्या चाचांनी मला जिन्यात थांबवलं. चाचा बंदरात जाऊन कागद सोडवून आणायचे, कोकणी मुसलमान, साठीला आलेले, पांढरी दाढी, जुनी स्कूटर. हातात माझं पत्रक, नीट चौकोनी घडी घातलेलं. म्हणाले, छान लिहिलंय, भाषा जोरदार आहे. मग विचारलं, “बेटा, मी कुठे बसून जेवतो ते माहीत आहे तुला?”

मला माहीत नव्हतं. खरं तर मी कधी विचारच केला नव्हता. बंदरात जेवत असतील असं मी धरून चालले होते. चाचा बारा वर्षं इमारतीच्या मागे गोडाऊनच्या पायरीवर जेवत होते. त्यांना कुणी कागद चिकटवून सांगितलं नव्हतं. ते पहिल्याच दिवशी स्वतःहून तिथे गेले होते आणि या शहाणपणाबद्दल सगळे त्यांना मान देत होते. माझ्या पत्रकात उतरंड होती, सोवळं होतं, पण चाचा कुठे नव्हते. ते हसले, पत्रक खिशात ठेवलं आणि स्कूटरला किक मारली.

ताई मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले, एकजूट म्हणून. डब्यात त्या दिवशी दुधीची भाजी होती. ती शांतपणे म्हणाली, “तू माज्या डब्यावर कागद छापलास.” मी म्हटलं, ताई, तुझ्या बाजूनेच लिहिलंय सगळं. “माज्या बाजूनं बसायचं व्हतं,” ती म्हणाली. “तिकडं. त्या टेबलावर. तवा तू कुठं व्हतीस? परवापर्यंत नुसता वास येत व्हता. आता समदे माज्या तोंडाकडं बघतात, मी काय खाते ते. दुधी आनला तरी बघतात.” आणि मला उठायला सांगितलं, कारण दोघी भिंतीकडे तोंड करून बसलो तर ती शाळेतली शिक्षा वाटेल.

वडिलांना मी पत्रक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून, पेन घेऊन वाचलं, तिसऱ्या परिच्छेदातली एक मात्रा दुरुस्त केली आणि विचारलं, “मागणी कुठाय?” मी म्हटलं, मागणी म्हणजे, समता. ते म्हणाले, समता हे मथळ्यात असतं, खाली मागणी लागते. कडी बसवा, पंखा दुरुस्त करा, तशी. आणि जिच्यासाठी लिहिलंस तिला मागणी विचारली होतीस का? तीस वर्षं गेटवर पत्रकं वाटलेल्या माणसाने मला दोन प्रश्नांत गार केलं, आणि तेही जेवता जेवता.

मग मी मालकांचं वाक्य जसंच्या तसं घ्यायचं ठरवलं. प्रश्न वासाचा आहे ना? ठीक. वासाचं उत्तर असतं. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत मला ते मिळालं, मेंदीच्या डिझाइनशेजारी. काचेच्या वाडग्यात पाणी घ्यायचं, त्यात एक लिंबू कापून पिळायचं, सालंही टाकायची, तीन-चार मिनिटं उकळू द्यायचं आणि नंतर पाच मिनिटं दार उघडायचं नाही. आतल्या भिंतींवरचं सगळं वाफेने सैल होतं, नुसत्या फडक्याने निघतं. फार चिकटलेलं असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. वास राहिलाच तर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर. एवढंच. ज्या प्रश्नावर आमच्या ऑफिसात सभ्यता, संस्कृती आणि श्रद्धा पणाला लागल्या होत्या, त्याचं उत्तर चहाच्या कपाटात पडून होतं.

हे मी सगळ्यांना सांगितलं, तेव्हा हेडक्लार्कांनी मान हलवली. लिंबाने वास जातो, पण तो वरवरचा, म्हणाले. भिनलेला जात नाही. दोन महिने झाले होते, आत मासा गेला नव्हता, तरी त्यांना रोज वास येत होता. दार उघडलं की ते अर्धं पाऊल मागे घ्यायचे आणि कुणाकडे तरी बघायचे. आणि खरं सांगायचं तर वास येत होता. मलाही येत होता. जुनाट, खवट, घशात बसणारा. ज्याला त्याला तो माशाचा वाटत होता, कारण माशाचा असणार हे आधीच ठरलेलं होतं.

श्रावण लागला. ताईच्या घरी श्रावण कडक. मच्छीची कढई धुऊन, उलटी करून फळीवर ठेवलेली, ती थेट गौरी-गणपती होईपर्यंत खाली यायची नाही. ती महिनाभर वाल, भेंडी, अळू आणत होती, आणि ऑफिसातले वासाबद्दल बोलत होते. एक दिवस तर एकाने तिच्या डब्यातल्या अळूवडीकडे बघून सुस्कारा सोडला. ताई म्हणाली, “पान हाय ते. झाडाचं.”

पहिल्या श्रावणी सोमवारी हेडक्लार्कांनी स्वतःचं घरगुती साहित्य आणलं. छोटी प्लॅस्टिकची बाटली, वर गाईचं चित्र. त्यांनी गोमूत्र फडक्यावर घेऊन मायक्रोवेव्ह आतून पुसला, चार थेंब कोपऱ्यांत शिंपडले, डोळे मिटून काही म्हटलं. मग लगेच त्यांची उपासाची साबुदाण्याची खिचडी आत ठेवली, दोन मिनिटं, झाकण न ठेवता. पुढे जे झालं त्याचं वर्णन मी टाळते. एवढंच सांगते की दार उघडल्यावर त्या खोलीत आठ माणसं होती आणि आठही जणांनी एकाच वेळी श्वास धरला. आणि कुणीही, एकानेही, वास येतोय असं म्हटलं नाही. जवळ्याला एका शुक्रवारात बाहेर काढणारी ती नाकं त्या दिवशी भक्तिभावाने बंद झाली. हेडक्लार्कांनी ती खिचडी संपवली. त्या माणसाच्या निष्ठेबद्दल मला तेव्हापासून थोडा आदर आहे.

त्या शनिवारी अर्ध्या दिवसानंतर मी लिंबं, सोडा आणि व्हिनेगरची बाटली घेऊन मागच्या खोलीत गेले. मालक त्यांच्या केबिनमध्ये होते. मी त्यांना सांगितलं, तुमचा वासाचा प्रश्न सोडवते, बघायला या. वाडगा आत ठेवला. काच धूसर झाली, खोलीत सरबताचा वास पसरला. मी लगेच दार उघडायला गेले तर मागून आवाज आला, “थांब की. वाफ जाऊ दे भिंतीत.” ताई पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. तिची बस चुकत होती. पण मी ज्या पद्धतीने फडकं धरलं होतं ते तिला बघवत नव्हतं.

पाच मिनिटांनी तिने प्लग काढायला लावला, पदर खोचला आणि आतल्या भिंती पुसायला घेतल्या. पिवळ्या रेघा फडक्यावर येत होत्या. मी विजयी मुद्रेने हळदीकडे बोट दाखवलं. तिने दुर्लक्ष केलं. मग तिने काचेची फिरती थाळी उचलली. ती गेल्या पाच महिन्यांत कुणीही उचलली नव्हती. आम्हाला ती निघते हेच माहीत नव्हतं. पूजेच्या दिवशी नारळाचं पाणी शिंपडलं ते वरून, आणि त्यानंतर सगळ्यांनी यंत्र वरवरच पुसलं होतं. थाळीखाली चाकांचं जे कडं असतं, त्याच्याभोवती तपकिरी, जाड, चिकट थर बसला होता. त्यात भाताची वाळलेली शितं, साबुदाण्याचे टणक दाणे, दाण्याचं कूट आणि एक जिऱ्यांची रांग. ताईने नखाने थोडं खरवडलं, नाकाशी नेलं आणि मालकांपुढे बोट धरलं.

“तूप,” ती म्हणाली. “खवट.”

मालकांनी वाकून वास घेतला. तोच वास. पाच महिन्यांचा, रोज पुन्हा पुन्हा तापवलेला. त्या थरात माशाचा एक खवलाही नव्हता. मालक सरळ होऊन म्हणाले, हं, म्हणजे झाकण ठेवायला हवं. ताईने खायच्या सोड्याचा लगदा केला, त्या थरावर फासला, वीस मिनिटं ठेवला आणि जुन्या टूथब्रशने घासून काढला. शेवटी व्हिनेगरच्या पाण्याने पुसून दार उघडं टाकलं. सोमवारी यंत्रातून कसलाही वास येत नव्हता. हेडक्लार्कांना तुपाची गोष्ट कळली तेव्हा ते म्हणाले, साजूक तुपाला वास नसतो, सुवास असतो. आणि झाकण आणायचं कबूल केलं.

मला वाटलं, झालं. प्रश्न वासाचा होता, वास गेला, वास कुणाचा होता तेही कळलं. आता तो कागद निघेल. मी दोन दिवस वाट पाहिली आणि मग मालकांकडे गेले. ते म्हणाले, राहू दे ना कागद, कशाला उगाच, कुणाच्या भावना असतात. मी म्हटलं, सर, पण प्रश्न वासाचा होता. ते म्हणाले, हो, होताच. आणि फोन उचलला. हा माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कागद काढायला लागणारा एक हात नव्हता.

ताईला मी सांगितलं की आता दुसरं पत्रक काढते, पुराव्यासकट, तुपाच्या थराचं वर्णन घालून. मागणीही आहे या वेळी. ती टाइप करत होती, थांबली नाही. “कागद नको,” म्हणाली. “तू फायली काढ माज्या खुर्चीवरच्या. आनि गौरी होऊ दे.”

मी फायली काढल्या. ते काम पत्रकापेक्षा अवघड गेलं, कारण ते सगळ्यांसमोर करायचं होतं आणि त्यात एकही विशेषण वापरता येत नव्हतं.

गौरी-गणपतीनंतर ताई कामावर आली तेव्हा तिच्या हातात नेहमीचा डबा होता आणि शिवाय एक मोठा स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला. तिने मायक्रोवेव्हसाठी घरून काचेचं भांडं आणि झाकण आणलं होतं. दीड वाजता ती सरळ मागच्या खोलीत आली, तो कागद लावलेलं दार उघडलं, भांडं आत ठेवलं, दोन मिनिटं लावली. मटणाचा वास दरवळायला लागला तसं टेबलावरचं बोलणं थांबलं. हेडक्लार्कांनी बोटाने दारावरच्या कागदाकडे खूण केली. शब्दाने नाही.

“परसाद हाय, साहेब,” ताई म्हणाली. “गौरीचा.”

मग तिने भांडं टेबलाच्या मध्ये ठेवून सांगितलं, हात पुसत, कुणा एकाकडे न बघता. तिच्या गावाकडे गौर माहेरी येते ती मटण-वडे खायला. त्याच खोलीत गणपती बसलेला असतो, त्याला मोदक. मध्ये पडदा लावतात, नैवेद्य दाखवतात, पडदा काढतात. “पोरगा त्याचं खातो, आई तिचं खाते. घर येकच. अजून तरी गनपतीनं कागद लावला नाय.”

हेडक्लार्कांची अवस्था मी विसरू शकत नाही. प्रसादाला नाही म्हणता येत नव्हतं, मटणाला हो म्हणता येत नव्हतं. आयुष्यभर जे दोन कप्पे त्यांनी वेगळे ठेवले होते ते एका भांड्यात, वाफाळत, समोर. शेवटी ते उठले, भांड्याला दुरून दोन्ही हात जोडले, स्वतःचा डबा उचलला आणि मालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांच्यामागे आणखी दोघे. त्यांचे डबे गरम करायचे राहिले होते, पण आता परत येऊन यंत्रापाशी उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं. ज्या यंत्राची शुद्धता त्यांनी पाच महिने राखली त्याच्यापासून पंधरा फुटांवर बसून ते गार वरण-भात जेवले, आणि पुढेही तसेच जेवत राहिले.

बाकीचे टेबलावरच राहिले. काहींनी वडे घेतले, तिघांनी मटणही घेतलं, एकाने आजूबाजूला बघून दोनदा घेतलं. ताईने चाचांना बोलावणं पाठवलं. ते आले, टेबलाच्या कडेला बसले, मटण हलाल नसल्याने त्यांना चालणारं नव्हतं म्हणून स्वतःचा डबा उघडला. त्यात सुरमईचं कालवण होतं. ताईने ते उचलून गरम करून दिलं. त्यानंतर ते अधूनमधून येत राहिले. रोज नाही. पायरीवर वारा चांगला येतो म्हणायचे, आणि मी त्यावर काही लिहिलं नाही. दारावरचा कागद कुणी काढला नाही. वाफेने त्याचे कोपरे सुटत गेले आणि तो तसाच लोंबत राहिला.

जेवण झाल्यावर ताईने वाडग्यात पाणी घेतलं, लिंबू पिळलं, चार मिनिटं उकळलं, पाच मिनिटं थांबून यंत्र आतून पुसलं, थाळी काढून धुतली. मग पुन्हा येऊन खिडकीकडच्या तिच्या खुर्चीत बसली, कारण डब्यात अजून एक वडा होता आणि सुट्टीची तीन मिनिटं शिल्लक होती. तेवढ्यात हेडक्लार्क हात धुवायला म्हणून बाहेर आले. यंत्रापाशी थांबले. दार उघडलं, आत डोकं घातलं, बराच वेळ वास घेतला. बाहेर काढलं तेव्हा चेहरा तोच, पाच महिन्यांचा.

“लिंबाचा वास येतोय,” ते म्हणाले. “डोकं दुखतं हो मला त्याने.”

ताईने वडा मोडला. मागे वळून बघितलं नाही, उठलीही नाही.

“व्हईल सवय, साहेब,” ती म्हणाली आणि खात राहिली.